आकाशाची बातमी आणि तिची पारख

२९ जून १८४३ रोजी खानदेशात, एदलाबादजवळच्या मानेगावात, आकाशातून एक दगड पडला. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. कॅप्टन जेम्स ॲबट या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची हकीकत बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिली. जे थोडे तुकडे हाती लागले ते पुढे निरनिराळ्या संग्रहालयांत पोहोचले. तपासणीत दगड वेगळाच निघाला. तो जवळजवळ सगळा पायरॉक्सिन या एकाच गटातल्या खनिजाचा होता. अशा दुर्मीळ उल्कापाषाणांना डायोजेनाइट म्हणतात. तो आला कुठून, हे सांगायला त्या काळी कोणाजवळ साधन नव्हते.

१९७० मध्ये टॉमस मॅकॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेस्टा या लघुग्रहाच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. तो याच कुळातल्या उल्कापाषाणांच्या वर्णपटाशी जुळला. पुढे जुलै २०११ पासून सप्टेंबर २०१२ पर्यंत नासाचे डॉन यान व्हेस्टाभोवती फिरले. तिथे दक्षिण ध्रुवापाशी सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे विवर दिसले, आणि त्या भागात डायोजेनाइटशी जुळणारा खडक आढळला. म्हणजे मानेगावी पडलेला दगड बहुधा व्हेस्टाच्या पोटातून, एका प्रचंड आघाताने उडालेला. १८४३ च्या बातमीचा अर्थ पुरता लागायला एकशेसत्तर वर्षे लागली. खानदेशाच्या वाट्याला अशी आणखीही एक नोंद आहे: नोव्हेंबर १८७७ मध्ये धुळ्याजवळ पडलेला भागूरचा उल्कापाषाण.

खगोलातल्या ताज्या घडामोडी म्हटल्या की डोळ्यांपुढे येते ते कालचे छायाचित्र किंवा आजचे उड्डाण. पण या शास्त्रात घटना एका काळी घडते, तिचे मोजमाप दुसऱ्या काळी होते आणि अर्थ लागतो तो कधीकधी तिसऱ्या पिढीला. वर्तमानपत्रातल्या चार ओळींत हे तिन्ही टप्पे एकमेकांत मिसळून येतात. ते वेगळे करता आले की बातमी समजली. हे कौशल्य शिकता येते आणि ते शिकायला मोठी दुर्बीण लागत नाही, हा या लेखसंग्रहामागचा विश्वास आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले विद्यार्थी, शिक्षक आणि रात्री गच्चीवर किंवा शेतात उभे राहून वर पाहणारे सगळेच आम्ही वाचक म्हणून समोर धरले आहेत.

आधी क्षेत्राचा आवाका पाहू. आकाशाची माहिती आपल्यापर्यंत चार वाटांनी येते. पहिली वाट प्रकाशाची. डोळ्यांना दिसतो तो प्रकाशाचा एक अरुंद पट्टा. त्याच्या अलीकडे-पलीकडे रेडिओ, अवरक्त, अतिनील, क्ष-किरण आणि गॅमा किरण आहेत. २५ डिसेंबर २०२१ रोजी उडालेली जेम्स वेब दुर्बीण अवरक्तात पाहते. २०१५ मध्ये सोडलेली भारताची ॲस्ट्रोसॅट अतिनील आणि क्ष-किरणांत पाहते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेनांची जीएमआरटी रेडिओ लहरी टिपते. दुसरी वाट कणांची: वैश्विक किरण आणि न्यूट्रिनो. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटला, तेव्हा त्याचे न्यूट्रिनो जपानमध्ये जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत नोंदले गेले. तिसरी वाट गुरुत्वीय लहरींची. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या प्रथम थेट पकडल्या गेल्या. चौथी वाट हातात घेता येणाऱ्या किंवा जवळ जाऊन पाहता येणाऱ्या वस्तूंची: मानेगावसारखे उल्कापाषाण, चंद्रावरची माती आणि ज्यांच्याजवळ याने जाऊन पोहोचतात ते ग्रह-लघुग्रह. बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की ही माहिती कोणत्या वाटेने आली. तेवढ्याने अर्धी गोष्ट उलगडते. आणि एकाच घटनेची खबर दोन वाटांनी येते तेव्हा ती फार बळकट होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची खबर आधी गुरुत्वीय लहरींनी दिली आणि पावणेदोन सेकंदांच्या आत गॅमा किरणांनी तिला दुजोरा दिला.

आता या विद्येच्या वाटचालीकडे वळू, आणि ती खानदेशातूनच सुरू करता येते. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत पाटणे आहे. पाटणादेवीमुळे ते खानदेशात घरोघरी ठाऊक आहे. तिथल्या एका शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यांची नावे आहेत. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी ११५० मध्ये पुरा केला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण्यात मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले ते चंद्रग्रहणाच्या पर्वावर. ती तारीख अभ्यासकांनी ९ ऑगस्ट १२०७ अशी ठरवली आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला आणि पुढे कीलहॉर्न यांनी तो संपादित करून छापला. भास्कराचार्यांचे मूळ गाव कोणते यावर मतभेद आहेत. त्यांच्या ग्रंथांचा मठ मात्र पाटण्यात होता, आणि त्याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे.

या लेखाचा शेवट संस्कृत सोडून मराठीत येतो आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पेठेत विकायला येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हक्क मठाला दिला आहे. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल, आणि इथे जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे, अशी व्यवस्था आहे. ग्रहगणिताचे अध्ययन चालू ठेवायचा खर्च एका बाजारपेठेने तेला-सुपारीतून उचलला. विद्या ताजी ठेवायला गावाचा हात लागतो, हे खानदेशाला आठशे वर्षांपूर्वी माहीत होते.

ताजी ठेवणे म्हणजे काय, हे त्या काळच्या ग्रंथपरंपरेत स्पष्ट दिसते. भारतीय ग्रहगणितात सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष ठळक होते, भास्कराचार्य ब्राह्मपक्षाचे. वर्षाची लांबी आणि ग्रहांच्या गती या पक्षांत किंचित वेगळ्या धरल्या जात. एका वर्षात हा फरक जाणवत नाही. शतके लोटली की गणित आणि आकाश यांत अंतर पडते. म्हणून सिद्धान्ताच्या जोडीला करणग्रंथ लिहीत. त्यात जवळचा एक आरंभदिवस धरून गणित सोपे आणि अद्ययावत केलेले असे. खुद्द भास्कराचार्यांनी उतारवयात, ११८३ चा आरंभ धरून, ‘करणकुतूहल’ लिहिले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त आणखी धीट पाऊल टाकले. कोणत्या ग्रहाची जागा कोणत्या पक्षाच्या गणिताने आकाशाशी जुळते हे पाहून त्यांनी एकेका ग्रहासाठी वेगळा पक्ष निवडला. आपल्या पक्षाचा मान राखण्यापेक्षा डोळ्यांना दिसणारे आकाश त्यांनी मोठे मानले. पुढची काही शतके महाराष्ट्रातली पंचांगे याच ग्रंथावर चालली.

एकोणिसाव्या शतकात तेही गणित जुने झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापून युरोपातली नवी मोजमापे मराठीत आणली आणि त्यांतून पटवर्धनी पंचांग निघाले. मग कोणते पंचांग खरे यावर महाराष्ट्रात दीर्घ वाद झाला. लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर असे मातब्बर त्यात होते. या वादाची पार्श्वभूमी इतिहासासह मांडली ती शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. दीक्षित काही वर्षे धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिक्षक होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ चा. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचा हिशेब एका शाळामास्तराने मराठीत, मूळ ग्रंथ पडताळून मांडला. आजही या विषयाचा अभ्यासक त्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

केतकरांची एक गोष्ट बातमीच्या दृष्टीने फार शिकवते. १९११ मध्ये त्यांनी फ्रेंच खगोल संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असल्याचे गणित मांडले. त्यातले एक अंतर १९३० मध्ये सापडलेल्या प्लुटोच्या अंतराच्या बरेच जवळ होते. पुढे कळले की प्लुटोचे वस्तुमान इतके थोडे आहे, की दुसऱ्या ग्रहाच्या गतीवर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होऊच शकत नाही. मेळ योगायोगाचा होता. २००६ मध्ये तर प्लुटोची ग्रहांतली गणनाच थांबली. त्यामुळे केतकरांचे श्रम आणि धाडस उणे ठरत नाही. मात्र जुळलेले प्रत्येक भाकीत म्हणजे सिद्धता नव्हे, हे त्यातून कळते.

निरीक्षणाची आधुनिक परंपराही महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजत होती. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवालांनी वेधशाळा उभारली आणि २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी जेऊरला मोहीम नेली. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली; हौशी आकाशनिरीक्षकांची ती देशातली सर्वांत जुनी संस्था. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जीएमआरटी उभी राहिली. १९८८ मध्ये आयुका ही खगोलसंशोधन संस्था स्थापन झाली आणि जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. नारळीकरांनी फ्रेड हॉएल यांच्यासह महास्फोटाच्या सिद्धान्ताला पर्याय मांडला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला असतानाही पुराव्यांनिशी वाद चालू ठेवला. बहुतेकांनी त्यांचा पर्याय स्वीकारला नाही. पण सगळे एका बाजूला असतानाही प्रश्न कसा विचारावा, याचा वस्तुपाठ मराठी वाचकाला त्यांच्याइतका कोणी दिला नाही, आणि तो त्यांनी सोप्या मराठीत दिला. २० मे २०२५ रोजी ते गेले. या संग्रहातल्या जवळजवळ प्रत्येक लेखकाच्या विद्यार्थिदशेत त्यांचे एखादे पुस्तक आहे.

आज अडचण उलटी आहे. खबर मिळत नाही अशी तक्रार उरली नाही. ती इतकी येते की पारखायला उसंत मिळत नाही. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुऱ्या क्षमतेने चालू लागली की ती आकाशातल्या बदलांचे रोज रात्री सुमारे एक कोटी इशारे देईल असा अंदाज आहे. शोधनिबंध छापून येण्याआधीच १९९१ पासून चालत आलेल्या ‘अर्काइव्ह’ या खुल्या भांडारात सर्वांना वाचायला मिळतात. ही मोठी सोय आहे, पण तिथला निबंध तज्ज्ञांनी तपासलेला असेलच असे नाही. निबंधावरून प्रसिद्धिपत्रक बनते, प्रसिद्धिपत्रकावरून मथळा आणि मथळ्यावरून मोबाइलवरचा निरोप. प्रत्येक पायरीवर ‘कदाचित’ हा शब्द गळत जातो.

एक उदाहरण जवळून पाहू. २७ डिसेंबर २०२४ रोजी ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एका टक्क्याच्या आसपास सांगितली गेली. १८ फेब्रुवारी २०२५ ला ती ३.१ टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्टा दक्षिण आशियावरूनही जात होता, त्यामुळे मुंबईचे नाव मथळ्यांत आले. मग आठवडाभरात आकडा जवळजवळ शून्यावर आला. शास्त्रज्ञ रोज वेगळे सांगतात, अशी कुरकुर तेव्हा बऱ्याच ठिकाणी ऐकू आली. वस्तुतः त्यांचे गणित पहिल्या दिवसापासून एकाच रीतीने चालले होते. २२ डिसेंबर २०३२ रोजी लघुग्रह कुठे असेल हे सुरुवातीला एका लांबलचक पट्ट्याइतकेच ठाऊक होते. समजा तो पट्टा बारा लाख किलोमीटर लांब आहे. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटर, म्हणजे पट्ट्यातला साधारण एक टक्का भाग तिचा. निरीक्षणे वाढली, पट्टा चार लाखांवर आला, पण पृथ्वी अजून त्यातच आहे. आता तिचा वाटा तीन टक्के झाला. आणखी निरीक्षणांनी पट्टा आखडला, पृथ्वी त्याच्या बाहेर पडली आणि शक्यता संपली. वाढणारा आकडा धोका वाढल्याचा नव्हता. माहिती वाढल्याचा होता. एवढे समजलेल्या माणसाला पुढच्या अशा बातमीने धास्ती बसणार नाही.

दुसरे उदाहरण एप्रिल २०२५ चे. १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर सजीवांमुळे तयार होणाऱ्या एका वायूची खूण जेम्स वेब दुर्बिणीला दिसली, असे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने मांडले. त्यांनी स्वतःच सांगितले होते की हा निष्कर्ष तीन सिग्मा पातळीचा आहे, म्हणजे अशी खूण निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात तीनच्या घरात. शोध पक्का मानायला पाच सिग्मा लागतात; तिथे योगायोगाची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी असते. पुढे इतर गटांनी तीच निरीक्षणे वेगळ्या रीतीने तपासून शंका उपस्थित केल्या. याआधी २०१४ मध्ये विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याची घोषणा झाली होती. वर्षभरात तिचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. या विद्येत माघार घेणे कमीपणाचे नाही. गणेश दैवज्ञांनी पक्ष बदलले, तीच ही रीत.

खानदेशासाठी हे सारे आज का महत्त्वाचे? एक कारण रोजच्या जगण्यातले आहे. ग्रहण आले की गर्भवती स्त्रीला अजूनही खोलीत बसवले जाते, आणि धूमकेतू दिसला की अनिष्टाचे निरोप फिरू लागतात. जुलै २०२५ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला ३आय/ॲटलास हा धूमकेतू सापडला. थोड्याच काळात तो परग्रहवासीयांचे यान असल्याचे निरोप मराठीतही आले. इंग्रजीत त्याचे खंडन त्याच दिवशी वाचायला मिळते, मराठीत ते उशिरा येते किंवा येतच नाही. ही पोकळी भरणे हे आपले काम आहे.

दुसरे कारण संधीचे. मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे; २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी जीएमआरटीच्या निरीक्षणांसह जगातल्या अनेक गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. आजच्या खगोलशास्त्रात माहिती खुली असते आणि ती चाळायला माणसे कमी पडतात. चोपड्याच्या किंवा शिंदखेड्याच्या विद्यार्थ्याकडे संगणक आणि गणिताची गोडी असेल, तर त्याला खऱ्या निरीक्षणांवर काम करायला कोणाची आडकाठी नाही.

तिसरे कारण आकाशच. ऑक्टोबरपासून मेपर्यंत खानदेशाच्या रात्री बहुधा निरभ्र असतात, आणि पालच्या जंगलात किंवा पाटण्याच्या डोंगराआड अजून काळोख शिल्लक आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय अंधारे आकाश उद्यानाचा दर्जा मिळाला. सातपुड्यालाही तो मिळू शकेल, पण त्यासाठी आधी आपण त्या काळोखाची किंमत ओळखली पाहिजे.

या पुस्तकात गेल्या दहा वर्षांतल्या निवडक घडामोडींवर लेख आहेत. विषय वेगवेगळे असले तरी प्रत्येक लेखकाला आम्ही तीच चौकट दिली: काय पाहिले, कशाने पाहिले, त्यातून काय निष्पन्न झाले आणि कशावर अजून वाद आहे. वादाचा भाग कोणी गाळलेला नाही. गणित जिथे टाळता येत नव्हते तिथे ते शाळेच्या पातळीवर ठेवले आहे. भविष्यकथन या पुस्तकाच्या कक्षेत येत नाही. रॉकेट आणि अंतराळ धोरण यांचाही इथे विचार नाही. ते वेगळ्या पुस्तकाचे विषय आहेत.

प्रत्येक लेखाच्या शेवटी वाचकाने स्वतः करून पाहण्यासारखे काहीतरी आहे. जळगाव आणि धुळे दोन्ही २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. त्यामुळे मेच्या चौथ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या जरा आधी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तसेच घडते, पण तेव्हा ढग आड येतात. त्याच काठीने आणखी मोठे काम होते. जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर जवळजवळ दक्षिणोत्तर आहेत, सरळ अंतर सुमारे १२५ किलोमीटर. दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी मध्यान्हीच्या सावल्या मोजल्या तर सूर्याच्या उंचीत एका अंशाहून थोडा जास्त फरक येतो, आणि त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या आसपास निघतो. दोन गावांमधले अंतर आणि अक्षांशांतला फरक यांवरून परीघ काढण्याची ही युक्ती भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याया’त दिलेली आहे. ज्याने एकदा हे स्वतः केले, त्याला ‘शास्त्रज्ञांच्या मते’ या शब्दांमागे कोणत्या प्रकारचे काम असते ते कायमचे कळते.

या पुस्तकातली माहिती २०२५ च्या पावसाळ्यापर्यंतची आहे. करणग्रंथ आपला आरंभदिवस उघड सांगत असे, तो याचसाठी की पुढच्या पिढीला दुरुस्ती कुठून करायची ते कळावे. इथले काही निष्कर्ष पाच वर्षांत पक्के होतील, काही मोडतील. कोणते मोडले हे शोधून काढणे हेही वाचनच आहे, आणि तसे पत्र आले तर प्रत्येक लेखकाला आनंद होईल. पुढची आवृत्ती अमळनेर, शिरपूर किंवा साक्रीच्या एखाद्या विद्यार्थ्याने दुरुस्त केली, आणि आपल्या दुरुस्तीचे पुरावे मराठीत मांडले, तर या संग्रहाने आपले काम केले असे मी समजेन.